कॉर्सेट नावाचे कुभांड

एखाद्याची बदनामी करायची तर खोटेच बोलावे लागते असे नाही. त्याला दुसऱ्याच्या नावाने हाक मारीत राहिले तरी काम भागते. काही दिवसांनी त्या दुसऱ्याची सगळी पापे याच्या खात्यावर आपोआप जमा होतात, आणि बिचाऱ्याला खुलासा करायलाही जागा उरत नाही. माणसांचे जे होते तेच वस्तूंचे होते. सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातल्या बायका झग्याच्या आत जे ताठ, घाट देणारे वस्त्र घालीत त्याची गत नेमकी अशी झाली आहे. त्याला आपण सरसकट 'कॉर्सेट' म्हणतो. आणि कॉर्सेट म्हटले की लोखंडी पिंजरा, मोडलेल्या बरगड्या, तेरा इंची कंबर आणि दर दहा मिनिटांनी मूर्च्छा येणारी बाई हे सगळे चित्र डोळ्यांपुढे हात जोडून उभे राहते. हे चित्र म्हणजे एक कुभांड आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि ते रचायला एक चुकीचा शब्द पुरेसा झाला, हे त्याहून महत्त्वाचे म्हणणे आहे.

फराळाच्या ताटाशेजारी परदेशातल्या बायकांच्या आतल्या कपड्यांची ही चर्चा कशाला, असे एखादे आजोबा चष्म्यावरून पाहत विचारतील. त्यांना नम्र उत्तर असे की, भाऊबीजेला बहिणीला साडीचोळी देणाऱ्या समाजाने बाईच्या कपड्याचा विषय हलका मानू नये. तलवारीच्या मुठीवर आणि पगडीच्या पेचावर पानेच्या पाने लिहिली जातात, तेव्हा कोणाच्या भुवया वर चढत नाहीत. शिवाय हा प्रश्न नुसता कपड्याचा नाही. मेलेल्या माणसांविषयी किती बेजबाबदारपणे बोलावे, याचा आहे.

आधी नावे पाहू. शेक्सपिअरच्या काळची इंग्रज बाई या वस्त्राला 'कॉर्सेट' म्हणत नव्हती. ती म्हणे 'पेअर ऑफ बॉडीज', म्हणजे अंगांची जोडी. उजवे अंग आणि डावे अंग असे दोन भाग नाडीने एकत्र बांधायचे म्हणून जोडी. आणि अंगावर बसते म्हणून अंग. किती साधे, घरगुती नाव! याच 'बॉडीज'चा उच्चार आणि लेखन बदलत जाऊन इंग्रजीत 'बॉडिस' हा शब्द तयार झाला. फ्रेंच बाईही तेच म्हणे: 'कॉर', म्हणजे देह. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत नवा शब्द रुळला तो 'स्टेज'. नाटकाच्या स्टेजशी त्याचा काही संबंध नाही; 'स्टे' म्हणजे टेकू, आधार. आधी अंग, मग आधार. यात कैद कुठे दिसते का? याशिवाय 'जम्प्स' नावाचे एक मऊ, सैल, बहुधा पट्ट्यांवाचूनचे आणि पुढून बांधायचे वस्त्र होते. ते घरात वावरताना, गरोदरपणात, अंगावर मूल पीत असताना घालायचे. म्हणजे त्या काळच्या बायकांना ताठ केव्हा आणि सैल केव्हा याचे तारतम्य होते, आणि दोन्हींना वेगवेगळी नावे होती. ते तारतम्य आपल्याजवळ नाही. म्हणून आपण चारही वस्तूंवर एकच चिठ्ठी डकवून मोकळे होतो.

मग 'कॉर्सेट' हा शब्द नव्हताच का? होता, पण गंमत अशी की मध्ययुगात तो वरून घालायच्या एका कपड्याला लावीत. अठराव्या शतकात फ्रेंच लोक 'कॉर्से' म्हणत ते मऊ, हलक्या वस्त्राला. ताठ 'कॉर'च्या अगदी उलट. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी फॅशनच्या जगाने हा फ्रेंच शब्द उसना आणला आणि एकोणिसाव्या शतकात तो सगळ्या घराचा मालक होऊन बसला. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही अशी. त्या शतकात कारखाने आले, पोलादी पट्ट्या आल्या, शिवणयंत्र आले. वस्तू बदलली, घाट बदलला, कंबरेवरचा ताण बदलला. त्या नव्या वस्तूचे गुणदोष तिच्या पणजीच्या माथी मारणे हा कुठला न्याय?

घेराच्या नावाचीही अशीच फसगत होते. लुगड्याला ओचा तसा झग्याला घेर, आणि तो घेर उभा धरायला आत कड्या घातलेला परकर, त्याचे नाव 'फार्दिंगेल'. इंग्रजी 'फार्दिंग' या नाण्याशी त्याचे काही नाते नाही. मूळ स्पॅनिश शब्द 'वेर्दुगादो', तो 'वेर्दुगो' म्हणजे हिरवी लवचीक फांदी यावरून आला. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनच्या दरबारात या फांद्यांच्या कड्या दिसू लागल्या, आणि इंग्लंडच्या राजघराण्याच्या हिशेबात १५४५ साली राजकन्या एलिझाबेथसाठी असा परकर केल्याची नोंद आहे. कंबर बारीक दिसण्याचे निम्मे रहस्य इथे आहे. खाली घेर एवढा मोठा असला की वरची कंबर न आवळताही बारीक दिसते. आपल्या घरातल्या मोठ्या परातीशेजारी वाटी ठेवून पाहा, म्हणजे पटेल.

आता प्रत्यक्ष वस्तू. हजारो बायकांनी घातलेले हे कपडे झिजून, फाटून, पुन्हा वापरले जाऊन नाहीसे झाले. सोळाव्या शतकाच्या शेवटाचे थोडेच उरले, आणि तेही मृत्यूच्या कृपेने. जर्मनीतली राजकुलातली डोरोथेआ सबीना १५९८ साली वारली. तिच्या थडग्यातून निघालेली रेशमी 'बॉडी' म्युनिकच्या बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इंग्लंडची राणी एलिझाबेथ १६०३ साली वारली, तेव्हा अंत्ययात्रेसाठी तिची पूर्णाकृती प्रतिमा केली गेली आणि त्या प्रतिमेला घातलेल्या 'बॉडीज' वेस्टमिन्स्टर ॲबीने आजही जपून ठेवल्या आहेत. ही दोन्ही वस्त्रे कापडाची आहेत, लोखंडाची नाहीत. कापडाच्या थरांमध्ये शिवणीच्या अरुंद नळ्या, त्या नळ्यांत पट्ट्या सरकवलेल्या. आणि कंबरेखाली पुष्कळदा फाटे पाडलेले असत, म्हणजे ते नितंबावर पसरतात आणि वरच्या घागऱ्यांचे ओझे एका नाडीवर न पडता वाटले जाते. पुढच्या बाजूला मध्यभागी 'बस्क' नावाची लाकडाची, हस्तिदंताची किंवा तसल्याच कशाची सपाट पट्टी घालीत. ती हवी तेव्हा काढता येई. तरणी पोरे अशा लाकडी पट्टीवर नक्षी आणि बदाम कोरून आपल्या प्रेमपात्राला भेट देत.

या नळ्यांतल्या पट्ट्या पुष्कळदा 'व्हेलबोन'च्या असत. इथेही शब्दाने घात केला आहे. मराठीत कोणी त्याचे 'देवमाशाचे हाड' करतो आणि वाचकाला वाटते, हाडांचा सापळाच अंगावर चढवीत असतील! ते हाड नाही. काही जातींच्या देवमाशांना दात नसतात. त्यांच्या वरच्या जबड्यातून पन्हळीसारख्या पट्ट्या लोंबतात आणि पाणी गाळून भक्ष्य अडकवण्याचे काम करतात. हा पदार्थ आपल्या नखांच्या जातीचा. तो उभा चिरला जातो, ऊब मिळाली की वाकतो आणि घालणाऱ्याच्या अंगाचा घाट घेतो. म्हणजे वस्त्र जसे बाईला घाट देई, तशी बाईही वस्त्राला आपला घाट देई. १६११ साली इंग्रजांच्या मस्कोव्ही कंपनीने स्पिट्सबर्गेनच्या बर्फाळ किनाऱ्याकडे देवमाशांच्या शिकारीला जहाजे पाठवली. मागोमाग डच गेले. आणि तेलाबरोबर या पट्ट्याही बाजारात येऊ लागल्या. ज्यांना त्या परवडत नसत त्या वाळलेल्या गवताच्या काड्यांवर, खळ दिलेल्या जाड कापडावर किंवा नुसत्या चामड्यावर भागवीत. दोष द्यायचाच तर त्या मुक्या जनावराच्या वतीने द्यावा. त्याची बाजू खरी आहे.

'ज्यांना परवडत नसे त्या' असे मी म्हटले, ते मुद्दाम. आपली समजूत अशी की हे वस्त्र म्हणजे रिकामटेकड्या सरदारणींचे खूळ. पण सतराव्या आणि अठराव्या शतकात इंग्लंडमधली मोलकरीण, दूधवाली, शेतात गवत सारणारी बाईसुद्धा बॉडीज किंवा स्टेज घालीत असे. गावोगावच्या गरीब-साहाय्याच्या हिशेबवह्यांत गरजू बायका-मुलींना इतर गरजेच्या कपड्यांबरोबर ही वस्त्रेही घेऊन दिल्याच्या नोंदी आहेत. गावच्या पैशातून, दमडीदमडीचा हिशेब ठेवणारी माणसे चैनीची वस्तू गरिबाला देतील का? आणि बाईला काम करणे अशक्य करणारी वस्तू देतील का? अंगाशी धुतलेला तागाचा सैल सदरा, त्यावर हे वस्त्र. उन्हाच्या दिवसांत वरचा झगा काढून ठेवून कामकरी बायका एवढ्यावरच शेतात राबत. पाठीला टेकू, छातीला आधार, घागऱ्यांच्या ओझ्याला बैठक, असे तीन उपयोग. त्यांतल्या अनेकींची नाडी पुढे असे. बांधायला दासी लागत नसे. आपल्याकडची गाठीची चोळी बाई स्वतःच पुढे गाठ मारून घालते, तसेच हे.

आता कुभांडाची एकेक कलमे घेऊ.

पहिले कलम लोखंडाचे. काही संग्रहालयांत लोखंडी कॉर्सेट आहेत, हे खरे. पण फ्रान्सच्या चार राजांचा शस्त्रवैद्य आंब्रुआझ पारे याने सोळाव्या शतकातच सांगून ठेवले आहे की, वाकलेली पाठ सरळ करण्यासाठी भोके पाडलेले लोखंडी कवच करावे. म्हणजे तो वैद्यकीय उपाय होता. आज कोणी गळ्यात पट्टा घातलेला माणूस पाहून 'विसाव्या शतकात पुरुष गळ्यात पट्टे घालून मिरवीत' असे लिहील, तर त्याला काय म्हणावे? शिवाय अशा लोखंडी नगांपैकी काही तर एकोणिसाव्या शतकात हौशी गिऱ्हाइकांसाठी बनवलेली नक्कल असावीत, असे जाणकार मानतात.

दुसरे कलम कातरीन द मेदिचीचे. या राणीने म्हणे दरबारातल्या बायकांना तेरा इंचांची कंबर सक्तीची केली. असा हुकूम दाखवणारा त्या काळचा एकही कागद कोणी पुढे आणलेला नाही. परदेशातून आलेली सून, त्यातून सत्ता गाजवणारी विधवा. तिच्या नावावर काहीही खपते. हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

तिसरे कलम बरगड्या कापण्याचे. भूल देण्याचे शास्त्र १८४६ साली जगापुढे आले आणि जखम निर्जंतुक ठेवण्याविषयी लिस्टरने १८६७ साली लिहिले. त्याआधी निव्वळ नटण्यासाठी छाती उघडून बरगडी काढून घेतली असती तर ती बाई बारीक नव्हे, गतप्राण झाली असती. त्यानंतरही अशा शस्त्रक्रियेचा विश्वासार्ह पुरावा नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

चौथे कलम करकचून आवळण्याचे. नाडी ओवायची भोके जुन्या काळी हाताने दोऱ्याने विणलेली असत. फार जोराने ओढले तर कापडच उसवायचे. धातूच्या कड्या ठोकलेली भोके आली ती १८२० नंतरच्या दशकात. आणि पुढून झटकन उघडणारी दुभंगलेली बस्क १८२९ साली. म्हणजे पलंगाचा खांब धरून उभी राहिलेली नायिका आणि मागून गुडघा टेकून ओढणारी दाई हे 'गॉन विथ द विंड'चे चित्र १८६१ सालच्या गोष्टीत एक वेळ चालेल. ते शे-दोनशे वर्षे मागे नेता येत नाही. पण सिनेमावाले कोणाचे ऐकतात? २००३ सालच्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'मध्ये अठराव्या शतकातली नायिका श्वास कोंडून थेट समुद्रात कोसळते. २०२० सालच्या 'ब्रिजर्टन'ने तर कमालच केली. गोष्ट १८१३ सालची. तेव्हा झग्याची कंबर छातीखाली सरकलेली, खरी कंबर कोणाला दिसायचीच नाही. तरी पहिल्याच भागात एका मुलीची कंबर आवळून आवळून तिला रडकुंडीला आणले आहे. न दिसणारी कंबर कोण कशासाठी आवळील, हा प्रश्न एवढ्या मोठ्या मंडळीत कोणालाच पडला नाही.

हे कुभांड रचले तरी कोणी? बायकांवर लिहिणाऱ्या पुरुषांची एक लांबलचक रांग आहे. माँतेन १५८० साली म्हणतो की कंबरेसाठी बायका यातना सोसतात. रूसो १७६२ साली 'एमिल'मध्ये या वस्त्राला नावे ठेवतो. झमरिंग नावाचा जर्मन शरीरशास्त्रज्ञ १७८८ साली त्याच्या अपायांवर निबंध लिहितो. मग एकोणिसाव्या शतकातल्या मासिकांत अचाट बारीक कंबरांच्या बढाया मारणारी निनावी पत्रे येतात. ती खरोखर बायकांनी लिहिली की पुरुषांनी, हेही सांगता येत नाही. पण पुढच्या लेखकांनी ती पुरावा म्हणून उतरवून घेतली. गंमत पाहा: एकीकडे बाई सडसडीत दिसली नाही तर तिला अजागळ म्हणायचे, आणि सडसडीत दिसली तर मूर्ख. शिवाय ही वस्त्रे शिवणारेही बहुतेक पुरुषच! पॅरिसमध्ये १६७५ साली शिंपिणींना स्वतःचा संघ मिळाला, तरी ताठ 'कॉर' शिवण्याचा हक्क शिंप्यांनी आपल्याच हाती ठेवला. लंडनमध्ये १७४७ साली छापलेल्या एका व्यवसायदर्शक पुस्तकात, या कामाला बायकांचे बळ पुरायचे नाही, असे लिहिले आहे. ज्या थॉमस पेनच्या 'राइट्स ऑफ मॅन'ने आपल्या जोतीराव फुल्यांच्या मनाला चालना दिली, तो पेन तरुणपणी बापाच्या हाताखाली स्टेज शिवायलाच शिकला होता. माणसाच्या हक्कांचा तो थोर वकील बायकांच्या स्टेज शिवून वाढला, एवढ्यावरून त्याला कोणी तुरुंगाचा लोहार म्हणत नाही. मग त्या स्टेज घालणाऱ्यांनाच कैदी का म्हणायचे?

कोणी म्हणेल, तुम्ही तर या वस्त्राची वकिली चालवली आहे. ते काही फुलांची चोळी नव्हते! मान्य. लहान मुलींना, आणि विजार घालण्याच्या वयाआधी मुलग्यांनाही, शरीर सरळ वाढावे या भाबड्या समजुतीने ते घालीत, हे मला पटत नाही. फार आवळल्याने पाठी बिघडतात अशी तक्रार खुद्द पारेने केली आहे. हौसेने अतिरेक करणाऱ्या बायका तेव्हाही असतील. उंच टाचांवर डगमगणाऱ्या आजही आहेत. पण ज्यांनी घातले त्यांनी तक्रार केली तेव्हा ती कशी होती, ते पाहा. १८८१ साली लंडनमध्ये बायकांनीच 'रॅशनल ड्रेस सोसायटी' काढली. त्यांनी आवळण्याला विरोध केलाच. पण आतल्या सगळ्या कपड्यांचे वजन ७ पौंडांहून अधिक नसावे, असा नेमका, मोजता येणारा आग्रहही धरला. त्यांना ठाऊक होते की दुखते कुठे, कारण दुखत त्यांना होते. ती तक्रार एकोणिसाव्या शतकातल्या वस्तूविषयी होती. ती १६०३ सालच्या वस्तूवर डकवणे हे त्या बायकांवरही अन्यायाचे आहे. दोष काढू नका असे मी म्हणत नाही. ज्याचा दोष त्याच्याच पदरी घाला, एवढेच म्हणतो.

आणि हे सारे मराठी वाचकाला सांगायचे कारण? कारण तो शब्द आपल्या दारापर्यंत येऊन पोचला आहे. आपल्या आयाआज्या दुकानात जाऊन 'बॉडी' मागत, तेव्हा त्या नकळत एलिझाबेथ राणीच्या काळचा शब्द उच्चारीत होत्या. त्यांचा 'झंपर' इंग्रजी 'जंपर'वरून आला, आणि तो बहुधा 'जम्प'च्याच घराण्यातला आहे. हिंदीतली 'अंगिया' घ्या: अंगावरून अंगिया, जसे बॉडीवरून बॉडिस. दोन टोकांच्या बायकांनी एकमेकींना न विचारता एकच युक्ती केली. असे असता आमचे भाषांतरकार 'स्टेज' दिसले की बेधडक 'कॉर्सेट' लिहितात; जरा संस्कृताभिमानी असले तर 'कंचुकी' लिहितात, आणि संस्कृत नाटकात कंचुकी म्हणजे अंतःपुरातला म्हातारा सेवक असतो हे विसरतात! 'फाउंडेशन'चे शब्दशः 'पायाचे वस्त्र' करावे तर वाचकाला विजार वाटायची. त्यापेक्षा बॉडीला बॉडी म्हणावे, स्टेजला स्टेज म्हणावे, आणि कॉर्सेट हा शब्द एकोणिसाव्या शतकासाठी राखून ठेवावा. शाई तेवढीच लागते.

कारण आज त्यांची पाळी आहे, उद्या आपली आहे. आणखी शंभर वर्षांनी कोणी सुशिक्षित गृहस्थ लिहील की महाराष्ट्रातल्या बायकांना नऊ वार कापडात जखडून ठेवीत, त्यांना पाऊल उचलता येत नसे. कासोटा घालून लावणी करणाऱ्या, भात लावणाऱ्या, घोड्यावर बसणाऱ्या बायका त्याला दिसणार नाहीत; कारण त्याने लुगडे, पातळ, साडी या सगळ्यांना एकच नाव दिलेले असेल आणि ते नेसणाऱ्या एकीलाही काही विचारलेले नसेल. तेव्हा आपल्या नातीला जसा राग यावा असे आपल्याला वाटते, तसा थोडा राग त्या दूधवालीच्या वतीने आज आपल्याला यायला हरकत नाही. तिने आपल्या अंगावरच्या वस्त्राला 'अंग' म्हटले, मग 'आधार' म्हटले. पिंजरा हे नाव आपण दिलेले आहे.